पारव्याचा मूळ तुकडा

१

लेकीच्या नोकरीचा शेवटचा दिवस गठ्ठ्यांनी उजाडला. हॉटेलला पाठवलेलं पडद्याचं सगळं कापड परत आलं होतं, आणि गाडीतून उतरवून फाटकापाशीच रचून ठेवलं होतं. आत घ्यायची जणू कुणाला लाज वाटत होती.

कारखान्यात तिला सगळे ‘लेक’च म्हणत. वय चाळिशीकडे झुकलं, चष्मा लागला, तरी लेक ती लेकच. कारण ती मास्तरांची मुलगी. कापडाचे रंग जुळवणाऱ्या रंगखोलीत मास्तरांचा जन्म गेला होता. आधी नोकरी सोडून मास्तर गेले, मग हे जग सोडून गेले. त्यालाही आता वर्ष होत आलं होतं. लेक आधी छपाई विभागात होती. वडिलांनी नोकरी सोडल्यावर त्यांच्या टेबलाशी तिला बसवलं गेलं, आणि आज ते टेबल ती रिकामं करणार होती. चार वाजता एचआर मॅडमकडे निरोपाची मुलाखत, मग फाटक.

त्या मुलाखतीसाठी एक वाक्य तिने कित्येक महिने घोटून तयार ठेवलं होतं. ‘माझ्या वडिलांना तुम्ही हाकललंत.’ म्हणावं की गिळावं, एवढंच ठरत नव्हतं. नव्या ठिकाणचे लोक तिच्याबद्दल विचारायला रंगखोलीच्या साहेबांनाच फोन करणार होते.

रंगखोलीत शिरली तर साहेब रंग ताडून बघायच्या दिव्याच्या पेटीपुढे वाकून उभे, बाजूला सर्दीने नाक लाल झालेल्या एचआर मॅडम, आणि भिंतीला टेकून चिमणी. खोलीतली सर्वांत नवी मुलगी, जिने हा माल पास केला होता.

“ये, तूही बघ,” साहेब म्हणाले.

रंग मंजूर झाला की त्या कापडाचा तुकडा दातेरी कात्रीने मधोमध कापायचा, अशी इथली रीत. अर्धा गिऱ्हाइकाला, अर्धा इथल्या काळोख्या खणात. तो मूळ तुकडा. पुढे कधीही तो रंग काढायचा झाला की त्याच्याशी ताडून बघायचा. हॉटेलचा रंग होता पारवा, कबुतराच्या पाठीसारखा राखाडी. हॉटेलने जुन्या इमारतीला नवी जोडली, तिथल्या मोठ्या खिडकीला जुने पडदे आणि नवे पडदे शेजारी शेजारी लागले, आणि सगळ्यांचे डोळे उघडले.

साहेबांनी हॉटेलकडचा अर्धा तुकडा आणि खणातला अर्धा तुकडा पेटीतल्या पिवळ्या दिव्याखाली ठेवले. अगदी जुळे भाऊ. मग दोन्ही उचलून खिडकीशी नेले. उजेडात जुळ्यांचं नातंच तुटलं. हॉटेलचा तुकडा राखाडी, खणातला चांगलाच निळसर. कडेचे दातेही एकमेकांत बसेनात.

“खणातला तुकडा मूळचा नाहीच,” साहेब म्हणाले. “कुणीतरी बदललाय. आणि तो बदललाय या दिव्याखाली जुळवून, कारण दिव्याखालीच तो जुळतो. दिवा मी बसवला तो याच वर्षी. दिव्याशी कोण बसतं? खणाची किल्ली कुणाकडे असते?”

उत्तर द्यायची गरज नव्हती. चिमणीच्या गळ्यातल्या दोरीला किल्ली लोंबत होती.

“मूळचा हिच्या हातून खराब झाला असेल, घाबरून गुपचूप नवा करून ठेवला,” साहेब म्हणाले. “माणसाकडून होतं. पण कंपनीला हे परवडत नाही. उद्या सकाळी काय ते सांगू.”

ते दोघे निघून गेले. चिमणीने गळ्यातली दोरी काढून टेबलावर ठेवली.

“ताई, मी माल खिडकीशीही बघितला होता. त्याच तुकड्याशी. जुळत होता. मास्तरांची शपथ.”

मेलेल्या माणसाची शपथ कुणी घेऊ नये, असं लेक म्हणणार होती. पण तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

“किल्ली मला दे.”

२

ती एका जागी बसूच शकत नव्हती. खोक्यात एक पुस्तक टाकायची, उठून खिडकीशी जायची, परत यायची, तेच पुस्तक काढून दुसऱ्या बाजूला ठेवायची. बाहेर ढगांचं येणं-जाणं चाललं होतं. खिडकीशी उजेड पडे, आणि तिने तुकडा हातात घ्यावा तो विझे.

आईचा फोन आला.

“झाली का तुझी ती मुलाखत?”

“चारला आहे.”

“गोड बोल आणि निघ. बाबांचं काही काढू नकोस. गेलेल्या माणसाचं कशाला? पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात.”

“मी पाण्यातून बाहेरच निघाले आहे, आई.”

“मग तर त्याहून नको. कोरड्या अंगाने घरी ये.”

लेक हसली. वर्षभरात आईने केलेला हा पहिलाच विनोद असावा, आणि तोही बहुधा चुकून.

खणातला तुकडा तिने टेबलावर पसरला आणि सूत मोजायचं भिंग त्यावर टेकवलं. वडिलांचं भिंग. पितळी, घडीचं, कडेला त्यांच्या अंगठ्याने झिजलेलं. रंगाला हात घालण्यापूर्वी कापड वाचावं, असं ते म्हणत. तिने विणीपासून सुरुवात केली आणि कडेशी आली. दातेरी कात्रीची कड. दात, दात, दात, करवतीसारखे एका मापाचे, चारही बाजूंना. एकही चुकलेला नाही.

तिची बोटं थांबली.

ती तडक चहाच्या जागेकडे गेली. चिमणी तिथे कप हातात धरून नुसती उभी होती, आणि चहावर साय धरली होती.

“एक सांग. तुझं नाव चिमणी कसं पडलं?”

“आता हे काय विचारता, ताई?”

“सांग तर.”

“पहिल्या दिवशी मास्तरांनी कात्री हातात दिली. केवढी जड! निसटली नि पडली. मी अशी काही किंचाळले की मास्तर म्हणाले, अगं चिमणे, कात्री पडली, आभाळ नाही. तेव्हापासून.” ती किंचित हसली, मग लगेच ओठ घट्ट मिटले. “कात्रीचा एक दात तुटला. अजून तसाच आहे. साहेब नवी घेऊ देत नाहीत. चालतेय ना, म्हणतात.”

“कारखान्यात दुसरी दातेरी कात्री?”

“नाही. आपली एकच.”

लेकीने परत येऊन कात्री काढली आणि रद्दी कापडाच्या चिंधीवर चालवली. दात, दात, दात, मग एक सपाट खिंडार. पुन्हा दात, दात, पुन्हा खिंडार. बोळक्या तोंडाने हसल्यासारखी कड.

खणातल्या तुकड्याच्या कडेला कुठेच खिंडार नव्हतं. म्हणजे तो कापला गेला तेव्हा कात्रीचे सगळे दात शाबूत होते. म्हणजे चिमणीने या खोलीत पाऊल टाकण्यापूर्वी तो कापला गेला होता.

चिमणी सुटली होती. पण लेकीचा जीव हलका होईना, कारण चिमणीच्या आधी या खोलीत माणसं होती तरी किती? साहेब. आणि मास्तर.

३

भांडारकाका रंगांच्या पिंपांमध्ये उंच स्टुलावर बसायचे. वर्षानुवर्षांच्या रंगाच्या भुकटीने त्यांच्या भुवयाही जांभळट झाल्या होत्या. मास्तरांचे ते दोस्त. दोघं मिळून एका वर्तमानपत्राचे दोन भाग करून वाचायचे आणि त्यावरून भांडायचे.

“जाणार म्हणे आज,” काका म्हणाले. “बापाचं टेबल सोडून.”

“काका, बाबा का गेले?”

“ते डॉक्टरला विचार.”

“नोकरी सोडून का गेले, ते विचारतेय. ऑपरेशनला रजा घेतली, डोळा बरा झाला, परत आले आणि दुसऱ्याच दिवशी राजीनामा. घरी अवाक्षर बोलले नाहीत. इथेही निरोपाच्या मुलाखतीत सगळं उत्तम होतं म्हणून सांगून आले. माझ्यापाशी तरी खरं बोला.”

काकांनी हातातल्या चमच्यावरची भुकटी फुंकली आणि बराच वेळ फुंकतच राहिले.

“रजेवरून आले ते आधी माझ्याकडेच आले. म्हणाले, एका शेडसाठी थोडा रंग काढून दे, तुकडा करायचाय. मी म्हटलं, साहेबांची परवानगी आणा. आता दोस्त असला तरी नियम तो नियम. गेले. परत आले ते रिकामे. चेहरा असा झाला होता बघ, धुऊन विटलेल्या कापडासारखा. म्हणाले, साहेब नको म्हणतात. मी म्हटलं, जाऊ द्या, उद्या बघू. तर म्हणाले, उद्या मी नाही.”

“एवढ्याशा रंगासाठी नाही म्हटलं?”

“चिमूटभर रंग गं! मला तेव्हा वाटलं, साहेबांनी मुद्दाम कमीपणा दिला. एवढा मोठा माणूस, त्याला चिमूटभर रंगासाठी हात हलवत पाठवलं.”

“हे तुम्ही मला आज सांगताय?”

“आज तू निघालीस म्हणून सांगतोय. राहणाऱ्याला सांगितलं की घरात आग लागते. जाणाऱ्याला सांगितलं की नुसता धूर.” ते स्टुलावरून खाली उतरले. “मुलाखतीत बोलणार आहेस का?”

“बोलू नको?”

“विहिरीत थुंकून जाऊ नये, पोरी. तिचं पाणी मला अजून प्यायचंय.”

ती बाहेर येऊन जिन्याकडे निघाली. महिनोन्‌महिने घोटलेलं वाक्य आता आपसूक जिभेवर येऊन बसलं होतं. आता ते गिळायचं नव्हतं. जुना हिशेब चुकता करायला चार वाजेपर्यंतही थांबवत नव्हतं.

जिन्याच्या मधल्या पायरीवर मात्र ती थबकली. बाबांना रंग हवा होता तो कुठल्या शेडसाठी?

४

ढग सरकला आणि रंगखोलीची खिडकी उजळली. लेक धावतच तुकड्यापाशी गेली.

खणातले तुकडे हाताळून हाताळून जुने होतात. मग मूळ तुकड्याशी जुळवून नवा रंगवायचा, दोन माणसांनी तो खिडकीशी बघायचा, दोघांनी हो म्हटलं की जुना टाकून द्यायचा आणि नव्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका घालायचा. टाका म्हणजे खूण. हा तुकडा नवा केलेला आहे, दोघांनी बघून केलेला आहे. खणातले कितीतरी तुकडे तसे होते. पारव्याला टाका नव्हता, म्हणून तर साहेबांनी ‘बदललाय’ म्हटलं आणि सगळ्यांना ते पटलं.

तिने भिंग कोपऱ्यावर ठेवलं. पहिल्या कोपऱ्यात काही नाही. दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात, विणीच्या दोन धाग्यांमध्ये, बारीक भोक. त्याच्याशेजारी दुसरं. दोन्हींच्या मधली जागा आजूबाजूच्या कापडापेक्षा स्वच्छ, जणू वर काहीतरी बरीच वर्षं बसलं होतं आणि आता उठून गेलं होतं.

टाका होता. कुणीतरी तो उसवला होता.

म्हणजे तुकडा बदललेला नव्हता, रीतीप्रमाणे नवा केलेला होता. पण चुकीचा. आणि तो केला गेला तेव्हा इथे पिवळा दिवा नव्हता. मग निळा रंग जास्त पडलेला दिसला कसा नाही? खिडकीच्या उजेडात तर आंधळ्यालाही दिसेल.

आंधळ्याला.

तिने आईला फोन लावला.

“आई, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर काय म्हणाले होते?”

“आता हे मध्येच कुठून?”

“आई, आठव ना.”

“म्हणाले काहीच नाहीत. पडद्यापाशी जाऊन उभे राहिले. आपला बैठकीचा पडदा, त्यांनीच आणला होता बघ, कारखान्यातल्या उरलेल्या कापडाचा. एक डोळा झाकायचे, बघायचे. मग दुसरा झाकायचे, बघायचे. मी म्हटलं, अहो, पोरासारखं काय चाललंय? तर विचारतात, ‘हा तुला कसला दिसतो?’ मी म्हटलं, पारवा, दुसरा कसला? त्यावर जेवायलासुद्धा उठले नाहीत.”

“बस?”

“रात्री म्हणाले, डॉक्टर सांगत होता की माझ्या डोळ्यावर कित्येक वर्षं पिवळा पडदा होता. मी म्हटलं, आता गेला ना, झालं तर. ए, काय झालं? रडतेयस का?”

“नाही. ऑफिसात आहे.”

फोन ठेवला आणि ती दिव्याच्या पेटीकडे बघत राहिली. पिवळ्या उजेडात निळा कमी-जास्त झालेला कळत नाही. दिवा पिवळा असला तरी, आणि डोळाच पिवळा असला तरी. बाबा भर खिडकीशी उभे होते, आणि त्यांच्या डोळ्याच्या आत एक पिवळा दिवा जळत होता. त्यांना कळलंच नाही. कळल्यावर, कामावर परत येताच, ते चिमूटभर रंग मागायला धावले होते. याच पारव्यासाठी.

आपलेच दात, आपलेच ओठ. चिमणीला सोडवायचं तर बाबांना अडकवावं लागणार होतं.

“अजून खोकं भरलं नाहीस?” दारातून आवाज आला.

साहेब दार लोटून आत आले.

५

“टाका तुम्ही उसवलात,” लेक म्हणाली.

साहेबांनी नाही म्हटलं नाही. खुर्ची ओढली, पण बसले नाहीत.

“मास्तर उसवायला येणं शक्य नाही,” ती बोलत गेली. “चिमणीला तर तो टाका म्हणजे सुटका होती, ती कशाला काढेल? टाका नकोसा वाटेल अशी दोनच माणसं. मास्तरांची चूक लपवू बघणारी त्यांची लेक, आणि त्या दिवशी खिडकीशी त्यांच्याबरोबर उभा असलेला दुसरा माणूस. मी तर नाही काढला.”

“मी बघितलाच नव्हता तो तुकडा,” साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. “मास्तरांनी पुढे केला. म्हणाले, बघा. अगं, तुझ्या वडिलांनी बघितल्यावर मी काय बघायचं? देवळात जाऊन देवाची खात्री करतो का आपण? मी मान हलवली. त्यांनी टाका घातला.”

“आणि ऑपरेशननंतर?”

“आले. म्हणाले, साहेब, चुकलंय, परत करू द्या. मी म्हटलं, मास्तर, झाकली मूठ सव्वा लाखाची. हॉटेलवाले पडदे एकदा घेतात, पुन्हा येतात कुठे? उगाच बोभाटा कशाला? राहू दे. मला वाटलं मी त्यांच्यावर उपकार करतोय. त्यांना सोसलं नाही.”

लेकीला काकांचं बोलणं आठवलं. धुऊन विटलेलं कापड. घोटून तयार केलेलं तिचं वाक्य तिच्याच तोंडात पोकळ झालं. हाकललं नव्हतं कुणी. चूक दुरुस्त करू दिली नाही म्हणून ते निघून गेले होते, आणि जातानाही साहेबांची मूठ झाकलेलीच ठेवून गेले होते.

“हॉटेलवाले आले,” ती म्हणाली.

“आले. आणि मी घाबरलो.” साहेब आता बसले. “पण विचार कर. चिमणी तरुण आहे. दुसरीकडे लागेल. विसरून जाईल. मास्तरांना आता दुसरं नाव मिळणार आहे का? या धंद्यात लोक अजून म्हणतात, डोळा असावा तर मास्तरांसारखा. तू चार वाजता तिथे बोललीस की उद्या सगळे म्हणतील, म्हातारा आंधळा होता.”

“आणि तुम्हाला काय म्हणतील?”

“मी फक्त मान हलवली होती.” त्यांनी खोक्याकडे बघितलं. “परवा तुझ्या नव्या ठिकाणाहून फोन यायचाय. मी चांगलंच सांगणार आहे. तू त्या लायकीची आहेस.”

बोलणं गोड होतं, पण त्यातली गाठ तिला लागली. साहेब उठले, जाताना दिव्याच्या पेटीचं बटण सवयीने बंद केलं, आणि दार अलगद ओढून घेतलं.

खिडकीत पुन्हा ढग आला. केबिनमध्ये बोलवायला एचआर मॅडमनी फोन केला तेव्हा तो तसाच होता.

६

“बसा. पाणी?” एचआर मॅडमनी एका हाताने रुमाल नाकाला लावला, दुसऱ्याने लॅपटॉप उघडला. “पाच मिनिटांत होईल. सोडण्याचं कारण? सगळे ‘नवीन संधी’ सांगतात. तेच टाकू?”

“टाका.”

“कंपनीतली सर्वांत आवडलेली गोष्ट?”

“खिडकी.”

“खिडकी? म्हणजे हवा-उजेड?”

“हो. उजेड.”

मॅडमनी ते निमूटपणे टाइप केलं. “वरिष्ठांशी संबंध कसे होते?”

‘चांगले’ एवढा एक शब्द पुरला असता. तो म्हटला की फाटक, बस, घर. बाबांचा डोळा लोकांच्या तोंडी शाबूत राहील. नवी नोकरीही शाबूत. आईने सांगितलं होतं तसं कोरड्या अंगाने घरी जाता येईल. याच खुर्चीवर बसून बाबांनीही बहुधा तोच शब्द उच्चारला होता. त्या एका शब्दाची किंमत आज खाली चहाच्या जागेत एक मुलगी मोजत होती.

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे तर तिलाही दिसत होतं. फक्त इथला चोर तिच्या घरचा होता, आणि तो चोरही नव्हता.

“मॅडम, जरा खिडकीशी येता?”

“का?”

“उत्तर तिथे आहे.”

मॅडम आल्या. लेकीने पिशवीतून दोन्ही तुकडे काढले आणि चौकटीवर ठेवले. ढग अजून गेला नव्हता, पण दोघांमधला फरक दिसण्यापुरता उजेड होता.

“हा निळसर तुकडा चिमणीने केला नाही. ती यायच्या आधीचा आहे हा.” तिने कड दाखवली, मग तुटक्या दाताच्या कात्रीने कापलेली चिंधी शेजारी धरली. “आणि तो कुणी गुपचूप बदललेलाही नाही. इथे भिंगातून बघा. दोन भोकं दिसतात? टाका होता. नवा केल्याची खूण. ती अलीकडे कुणीतरी काढलीय.”

मॅडम बराच वेळ वाकून बघत राहिल्या. सर्दीमुळे श्वास जोरात येत होता.

“पण मग हा केला कुणी?”

“माझ्या वडिलांनी.”

वाक्य इतकं लहान असेल असं तिला वाटलं नव्हतं.

“त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू होता. पिवळा. त्यांना कळलं नाही. कळलं तेव्हा दुरुस्त करायला आले होते. भांडारात रंग मागितला. साहेबांनी नको म्हटलं. कारण तुकडा दोघांनी बघायचा असतो, आणि दुसरे ते होते, आणि त्यांनी बघितला नव्हता.”

“टाका साहेबांनी काढला असं म्हणताय?”

“ते नाकारणार नाहीत. माझ्यापाशी नाकारलं नाही.”

“तुम्हीही काढू शकला असता.” मॅडम कठोर नव्हत्या, फक्त कामाचं विचारत होत्या. “वडिलांसाठी.”

“काढू शकले असते. पण तसं असतं तर आता ‘संबंध चांगले’ म्हणून सांगितलं असतं आणि घरी गेले असते.”

मॅडमनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. टेबलाशी गेल्या, बसल्या, आणि बोटं कळफलकावर टेकवून थांबल्या.

“वडिलांचं नाव वगळून लिहू? चुकीने झालं, एवढंच?”

“नाही. त्यांना वगळलं तर टाक्याचा अर्थ लागत नाही. आणि एक जोडा. चूक दिसल्यावर ती दुरुस्त करायला धावत आलेला रंगखोलीतला तो एकच माणूस होता.”

“हे मत म्हणून लिहू की घडलेलं म्हणून?”

“भांडारकाकांना विचारा. मग ठरवा.”

केबिनमध्ये टाइप करण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग मॅडमनी सवयीने शेवटचा प्रश्न वाचला आणि वाचताना स्वतःच ओशाळल्या.

“संधी मिळाली तर इथे पुन्हा काम कराल का?”

“कात्री बदलली तर,” लेक म्हणाली. आणि दोघीही हसल्या.

७

ती फाटकातून बाहेर पडली तेव्हा वरच्या मजल्यावर साहेब खिडकीशी उभे होते. त्यांनी हात केला नाही, मान मात्र हलवली. मान हलवायची त्यांना सवयच होती. या खेपेला काही बघून हलवली की न बघता, ते कळायला मार्ग नव्हता.

बसमध्ये चिमणीचा फोन आला. भांडारकाकांना वर बोलावलं होतं, मग साहेबांनाही. “ताई, उद्या कामावर ये म्हणाल्या मॅडम. आणि मला विचारत होत्या, पारव्याचा तुकडा हॉटेलच्या तुकड्यावरून नव्याने करायचाय, दुसरा डोळा म्हणून कोण बघेल? मी काय सांगू?”

“सांग, जो खरंच बघेल तो.”

“ताई, मास्तरांबद्दल…”

“उद्या कर पारवा. खिडकीशी कर,” लेक म्हणाली आणि फोन ठेवला. नव्या ठिकाणाहून साहेबांना परवा फोन येणार होता. आला तर आला.

घरी आई बैठकीत बसली होती. संध्याकाळ अजून पुरती उतरली नव्हती.

“काय बोललीस मग?”

“खरं ते.”

“कुणाचं?”

“बाबांचं.”

मग तिने सगळं सांगितलं. कात्री, टाका, दिवा, डोळा. आईचा हात पदराशी चाळा करत राहिला.

“म्हणजे त्या दिवशी ते पडद्याला बघत नव्हते,” शेवटी ती म्हणाली. “स्वतःच्या डोळ्याला बघत होते. आणि मी त्यांना पोरासारखं काय करताय म्हणाले.”

“तुला कुठे ठाऊक होतं?”

“तू हे लोकांना सांगितलंस.”

“हो.”

“ते असते तर काय म्हणाले असते?”

“माहीत नाही, आई. दिवसभर तेच विचारतेय स्वतःला.”

आई उठली. खोलीत अंधुक झालं होतं, आणि तिचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला, पिवळ्या दिव्याच्या.

“थांब,” लेक म्हणाली. “इतक्यात दिवा नको.”

आईचा हात थांबला. खिडकीतून शेवटचा उजेड पडद्यावर पडला होता, त्यांनी आणलेल्या, त्यांचा डोळा शाबूत असतानाच्या कापडावर. खरा पारवा, कबुतराच्या पाठीसारखा. आई हळूहळू पडद्यापाशी गेली, तळवा उचलून तिने एक डोळा झाकला, आणि उजेड जाईपर्यंत तशीच बघत उभी राहिली.